सात नंबरचा उंदीर

"हा," नाफडेबाई म्हणाल्या आणि त्यांनी डावीकडच्या पिंजऱ्यावर बोट ठेवलं.

टेबलावर दोनच पिंजरे होते. डावीकडे सात नंबर, उजवीकडे आठ नंबर. आठवर बोट ठेवलं असतं तर या बाईंचं काय बिघडलं असतं हो? पण नाही. नेमका सातच!

"हाच का, बाई?" मी बोलून गेलो. "तो शेजारचा बघा की, जास्त टवटवीत आहे."

"म्हणूनच हा. तुम्ही पुढे केलेला उंदीर मला नको, मी निवडलेला घ्या." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"हे पोतदार. आमचे तंत्रज्ञ," शिंगटे मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "मूळचे घड्याळजी आहेत. उंदरांच्या डोक्यात नळ्या यांनीच बसवल्यात. हात असा आहे की एक केस इकडचा तिकडे होत नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. कारण सात नंबरच्या डोक्यातली नळी एक केस नाही, चांगली दीड मिलिमीटर इकडची तिकडे झालेली होती, आणि ही गोष्ट त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होती.

जरा मागचं सांगतो, म्हणजे माझं धाबं का दणाणलं ते कळेल. ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कराडात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, वडिलांपासूनचं. बॅटरीवरची घड्याळं आली आणि दुकान बसलं. मग मी फार्मसी कॉलेजात चिकटलो, औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तेही हंगामी. तिथे वैजयंती शिंगटे नावाच्या लेक्चरर पीएच.डी. करत होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, चालणं पळाल्यासारखं, आणि एखादी गोष्ट समजावून सांगायला लागल्या की समोरचा शिपाई आहे की प्राचार्य याचं भान नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "पोतदार, तहान कुठे लागते?"

"घशात, मॅडम."

"चूक! मेंदूत." आणि झाल्या की सुरू. "अंगातलं पाणी कमी झालं, रक्त कमी झालं, की मूत्रपिंडांना ते कळतं. मग रक्तात एक हार्मोन तयार होतं. अँजिओटेन्सिन. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि रक्तदाब वाढतो. हे सगळ्या पुस्तकांत आहे. पण हेच हार्मोन मेंदूला जाऊन भिडलं तर काय होतं? मेंदू आपण होऊन हुकूम सोडतो. दाब वाढवा! पाणी प्या! मोठमोठ्या देशांत काही लोकांनी हे पाहिलंय. मला त्याच्या पुढचं शोधायचंय, पण आधी ते आपल्या खोलीत, आपल्या हातानं दिसायला पाहिजे."

"मग दाखवू की," मी म्हणालो. मला काय कळत होतं डोंबल! पण त्यांच्या बोलण्यानं अंगात वारं शिरायचं हे खरं.

तर माझं काम असं. गुंगीतल्या उंदराचं डोकं एका शिकंज्यात पक्कं धरायचं, कवटीला बारीक भोक पाडायचं आणि त्यातून केसाएवढी नळी मेंदूच्या आत जी पाण्याची पोकळी असते तिच्यात उतरवायची. मग घड्याळाचे बारके स्क्रू कवटीत बसवून त्यावर दातांचं सिमेंट भरायचं, की नळी कायमची पक्की. पाच-सहा दिवसांनी उंदीर टुणटुणीत झाला की त्या नळीतून हार्मोन सोडायचं, तेही किती, तर एका ग्रॅमचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक भाग! आणि दाब वाढतो का ते बघायचं. सहा उंदीर झाले होते. सहाच्या सहांचा दाब वाढला होता.

आता शिकंज्याचं ऐका. तो परदेशी नव्हता, आमच्याच गावच्या लेथवर करून घेतलेला होता. त्याच्या आडव्या स्क्रूला प्ले होता, म्हणजे आट्यांत ढिलेपणा. दिशा बदलली की पहिली दीड फेरी फुकट जायची, नळी धरणारी सुई जागची हलायचीच नाही. तेव्हा आमची रीत ठरलेली. सुई बाहेरून आत कवटीच्या मधल्या रेघेवर आणायची आणि मग उलट्या दिशेनं बाहेरच्या बाजूला तीन फेऱ्या द्यायच्या. दीड फुकटच्या, दीड कामाच्या. एका फेरीला एक मिलिमीटर, म्हणजे सुई रेघेपासून बरोबर दीड मिलिमीटरवर. पोकळी तिथेच असते.

सात नंबरच्या दिवशी मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन आल्या होत्या. "बघा, हात बघा पोतदारांचा!" असं चाललं होतं. मी फुगलो. नाही कशाला म्हणू? मी पोरांना घड्याळाच्या दोन गोष्टी सांगायला लागलो. त्या नादात सुई मधल्या रेघेच्या जरा पलीकडे गेली. मी ती परत बाहेर घेतली आणि रेघेवर आणली. म्हणजे दिशा आधीच बदललेली होती, फुकटच्या फेऱ्या आधीच संपल्या होत्या. तरी मी सवयीनं दिल्या तीन! तिन्ही कामाच्या. सुई गेली दीडऐवजी तीनवर. सिमेंट दगडासारखं घट्ट झाल्यावर स्क्रू मागे घेताना ते माझ्या लक्षात आलं, आणि तोंडचं पाणी पळालं.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण मॅडमची पाच वर्षांची मुदत संपत आली होती आणि विद्यापीठानं पत्र पाठवलं होतं, की बाहेरच्या तज्ज्ञ येऊन प्रत्यक्ष प्रयोग बघतील, त्यांचं समाधान झालं तर थिसिस देता येईल, नाहीतर नोंदणी रद्द. तज्ज्ञ येणार होत्या सहा दिवसांनी. नवीन उंदीर मागवायला वेळ नव्हता. शिवाय मला कायम करण्याचा कागद आमचे विभागप्रमुख करंबेळकर सर यांच्या टेबलावर पडून होता. मी मनाशी म्हटलं, त्याच दिवशी नंतर केलेला आठ नंबर आहे ना व्यवस्थित, तोच वापरतील, सात राहील बाजूला. घरी बायकोलासुद्धा बोललो नाही.

आणि आता नागपूरच्या डॉक्टर इंदुमती नाफडे, ज्यांच्या नावानं भलेभले गाइड चळाचळा कापत, त्या समोर उभ्या राहून म्हणत होत्या, "हा."

उंदराला गुंगी दिली. मॅडमनी मानेतल्या धमनीत नळी घातली आणि ती पाऱ्याच्या नळीला जोडली. पाऱ्यावर एक काडी तरंगत होती, तिच्या टोकाला लेखणी. लेखणीपुढे ड्रम हळूहळू फिरत होता. त्यावरच्या कागदाला मी सकाळीच रॉकेलच्या ज्योतीवर काजळी धरून काळाकुळकुळीत केलं होतं. लेखणी टेकली की काळ्यावर पांढरी रेघ उठायची. दाब वाढला की रेघ चढणार, उतरला की उतरणार. इतकं साधं.

नाफडेबाई स्टुलावर बसल्या. आधीच्या सहा उंदरांचे कागद त्यांनी एकेक करून पाहिले.

"सहाही चढलेत," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा शिंगटे. हार्मोन मेंदूवर काम करतं म्हणता. पण डोक्यात सोडलेलं औषध झिरपून रक्तात गेलं आणि तिथूनच त्यानं नसा आवळल्या, असं नाही कशावरून?"

मॅडम गडबडल्या. "डोस इतका कमी आहे की..."

"कमी आहे हे उत्तर नाही. पुरावा?"

"तो... अजून नाहीये, मॅडम."

करंबेळकर सरांनी घसा खाकरला. "आधी प्रयोग तर पाहू या."

मॅडमनी सुई भरली. "सोडते आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आनंदानं थरथरत होता, अहो, कारण त्यांना पूर्ण खात्री होती! रेघ शंभराच्या आसपास चालली होती. सगळे ड्रमकडे झुकले. मीही झुकलो. मनात म्हणत होतो, चढ रे बाबा. दीड मिलिमीटरनं काय होतंय? चढ ना!

एक मिनिट गेलं, दोन गेली. रेघ सरळ.

"कधीकधी उशीर लागतो," मॅडम म्हणाल्या.

पाच मिनिटं झाली. रेघ पट्टीनं आखावी तशी सरळच. मॅडमनी नळी तपासली, पाऱ्याची नळी तपासली, पुन्हा नळी तपासली. त्यांच्या कपाळावर घाम आला. दहा मिनिटांनी त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "पोतदार, माझं काय चुकलं असेल हो?"

ते मला सुरीसारखं लागलं. त्या स्वतःचं चुकलं म्हणत होत्या!

"उंदीर आजारी असणार," करंबेळकर सर घाईनं म्हणाले. "सोडून द्या हा. आठ नंबर घ्या, लगेच दिसेल तुम्हाला."

"आणि तो चढला तर?" नाफडेबाईंनी विचारलं. "मी काय समजू? एक चढतो, एक चढत नाही. आधीचे सहा मिळवायला किती फेकून दिलेत?"

"एकही नाही!" मॅडम कळवळून म्हणाल्या. "शपथ घेऊन सांगते, एकही नाही."

"माझा विश्वास बसेलही. पण जे का झालं ते सांगता येत नाही, त्यावर मी सही करू शकत नाही. माफ करा." आणि त्यांनी पर्समधून पेन काढलं, समोरचा विद्यापीठाचा छापील कागद ओढला आणि नकार लिहायला टोपण उघडलं.

पाच वर्षं. मॅडमच्या दोन जागा हातच्या गेल्या होत्या, लग्न लांबणीवर पडलं होतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा ही बाई उंदरांना दाणा घालायला यायची. ते सगळं आता त्या पेनच्या टोकाला आलं होतं. मॅडम नुसत्या त्या सरळ रेघेकडे बघत होत्या.

"थांबा, बाई," मी म्हणालो. "उंदीर आजारी नाही आणि मॅडमचंही चुकलेलं नाही. चुकलोय मी."

"पोतदार, तुम्ही बाहेर जा," करंबेळकर सर दातओठ खात म्हणाले.

"बोलू द्या त्यांना." नाफडेबाईंचं पेन तसंच हवेत. "काय चुकलात?"

मग मी सगळं सांगितलं. शिकंजा, प्ले, फुकटच्या फेऱ्या, माझ्या बढाया, सगळं. मॅडमकडे बघायची हिंमत होत नव्हती म्हणून स्क्रूकडे बघत बोललो.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?" मॅडमनी विचारलं.

"त्याच दिवसापासून."

"सहा दिवस?" त्यांचा आवाज चिरकला. "सहा दिवस तुम्ही माझ्यासोबत चहा पीत होतात!"

मी मान खाली घातली. करंबेळकर सर काहीतरी बोलायला लागले, मेमो हा शब्द तेवढा मला ऐकू आला. पण नाफडेबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. पेनाचं टोपण लावलं आणि स्टूल माझ्याकडे फिरवलं. त्यांचे डोळे एकदम निराळेच दिसायला लागले होते.

"नळी कुठे आहे म्हणता?"

"मधल्या रेघेपासून तीन मिलिमीटर, बाई. उजवीकडे. पोकळीच्या बाहेर, मांसात."

"खात्री?"

"आटे मोजूनच पोट भरलंय आजवर. खात्री."

"असं? मग पैज लावू. या कागदावर मेंदूचा काप काढा आणि नळीचं टोक कुठे असेल तिथे फुली मारा. आता, उघडून बघायच्या आधी. शिंगटे, शाई आहे ना?"

शाई होतीच. प्रत्येक उंदराला शेवटी जास्तीची गुंगी देऊन निरोप द्यायचा आणि त्याच नळीतून थेंबभर निळी शाई सोडायची, ही रीतच होती. मेंदूचा काप घेतला की आतल्या पोकळ्या निळ्या झालेल्या दिसायच्या. सहा वेळा मी ते पाहिलं होतं, म्हणून चित्र काढता आलं. दोन्ही बाजूंच्या पोकळ्या काढल्या आणि उजव्या पोकळीच्या बाहेर फुली मारली. नाफडेबाईंनी कागद घेतला, त्यावर घड्याळात बघून वेळ लिहिली आणि तो पालथा ठेवला.

मॅडमनी शाई सोडली. माझ्याशी एक अक्षर न बोलता त्यांनी कवटी उघडली, मेंदू बाहेर काढला आणि ब्लेडनं काप घ्यायला सुरुवात केली. पहिला काप कोरा, दुसराही कोरा. करंबेळकर सर येरझाऱ्या घालत होते. माझा जीव टांगणीला लागला होता. कसली गंमत बघा, सहा दिवस मी देवाला विनवत होतो की माझी चूक नसू दे, आणि आता विनवत होतो की ती तिथेच असू दे, बरोबर तिथेच!

तिसरा काप. मॅडमचा हात थांबला.

"बघा," त्या म्हणाल्या.

पोकळ्या दोन्ही स्वच्छ, पांढऱ्या. आणि उजवीच्या बाहेर, मांसात, मोहरीएवढा निळा ठिपका.

नाफडेबाईंनी माझा कागद उलटा केला आणि कापाशेजारी ठेवला. पट्टी लावली. फुली आणि ठिपका एकाच जागी! मी आनंदानं टाळीच वाजवली आणि मग लाजून हात मागे घेतले. स्वतःच्या चुकीला टाळी वाजवणारा मीच पहिला असेन.

पण नाफडेबाई हसत होत्या. आधी नुसत्या ओठांत, मग चांगल्या मोठ्यानं.

"करंबेळकर, तुमच्या लक्षात येतंय का हे काय झालं? शिंगटे, तुझ्या तरी?" त्या मॅडमना अगं-तुगं करायला लागल्या होत्या. "मघाशी मी काय विचारलं तुला?"

"औषध झिरपून रक्तात जात नाही कशावरून..." मॅडम म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं बाई!"

"बोल, बोल!"

"याच्याही डोक्यात तेच औषध गेलं. तेवढंच! झिरपायचं असतं तर यातूनही झिरपलं असतं, याचाही दाब चढला असता. पण नाही चढला. फक्त दीड मिलिमीटरचा फरक, आणि रेघ सरळ! म्हणजे रक्ताचा संबंध नाही. त्या पोकळीलगतच मेंदूत काहीतरी आहे जे हे हार्मोन ओळखतं. तिथे पोचलं तरच हुकूम सुटतो!" मॅडमनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. "हा माझा पुरावा आहे. पाच वर्षं मला सुचला नाही तो पुरावा आहे हा!"

आयला, असं आहे होय! मला तेव्हा कुठे उलगडलं. मी बापडा चूक कबूल करून नोकरीवर पाणी सोडायला निघालो होतो, आणि इथे हा गोंधळ!

"एका उंदरावर काही सिद्ध होत नसतं," नाफडेबाई लगेच पहिल्या आवाजात म्हणाल्या. "आणि आधी आठ नंबर लावा. मला चढलेली रेघ अजून दिसलेली नाही."

मग काय धावपळ उडाली म्हणता! मी नवा कागद काळा केला, बोटं भाजली तरी कळलं नाही. आठ नंबर गुंगीत गेला, धमनीत नळी बसली, लेखणी टेकली. रेघ अठ्ठ्याण्णववर. मॅडमनी सुई भरली. या वेळी त्या "सोडते आहे" असं म्हणाल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान हलवली. हा बरोबर आहे, मॅडम, आईशप्पथ बरोबर आहे.

औषध गेलं. अर्धं मिनिट काही नाही. मग लेखणी हलली. आधी उगीच वाटावं एवढीच, आणि मग पारा चढायला लागला. काडी वर, रेघ वर!

"एकशे पाच," मॅडम ओरडल्या. "एकशे बारा! पोतदार, बघा! एकशे एकोणीस!"

"एकशे सव्वीस," करंबेळकर सर माझ्या खांद्याला धरून ओरडले. ज्या माणसानं तासाभरापूर्वी मेमोचं नाव काढलं होतं तो माझा खांदा गदागदा हलवत होता. रेघ एकशे अठ्ठावीसवर जाऊन टेकली आणि तिथेच राहिली, चांगली दहा मिनिटं. शाई सोडून काप घेतला, तर पोकळ्या निळ्याशार.

नाफडेबाईंनी विद्यापीठाचा कागद पुन्हा पुढे ओढला. "दोन महिन्यांची मुदतवाढ देते आहे. त्यात मला असे आणखी सहा उंदीर हवेत, सात नंबरसारखे. नळी मुद्दाम चुकवलेली, सगळ्यांची एकाच जागी. पोतदार, जमेल?"

"चुकवायची?" मी म्हणालो. "बाई, आयुष्यभर न चुकण्याचा पगार घेतला मी."

"पण या सहा चुकवायच्या. आणि अगदी अचूक चुकवायच्या."

त्या निघाल्यावर सर त्यांना स्टँडवर सोडायला गेले. खोलीत मॅडम आणि मी दोघंच. त्या कागद वार्निशात बुडवत होत्या, काजळी पुसली जाऊ नये म्हणून. मी भांडी विसळत होतो.

"मॅडम, चुकलो," मी म्हणालो.

"चुकलात त्याचा राग नाही मला." त्यांनी वळून पाहिलं नाही. "हात कुणाचाही चुकतो. गप्प बसलात त्याचा राग आहे. त्या बाईंनी आठ नंबर निवडला असता तर तुम्ही कधीच बोलला नसता."

खोटं कशाला बोलू? नसतो बोललो.

"नसतो बोललो," मी म्हणालो.

तेव्हा त्या वळल्या. हात पुसत म्हणाल्या, "उद्या आठला या. सहाही नळ्यांची मापं एकत्र बसून काढू. आणि यापुढे स्क्रू फिरवताना तोंड बंद."

दोन महिने आम्ही दोघांनी जिवाचं रान केलं. माझ्याएवढं जपून कुणी चुकलं नसेल. पहिला उंदीर, रेघ सरळ. दुसरा सरळ, तिसरा सरळ. सरळ रेघ दिसली की मॅडम खुशीत येऊन टेबलावर थाप मारायच्या. सहाव्याला औषध दिलं आणि मिनिटभरात लेखणी वर उचलली! मॅडमनी माझं मनगट घट्ट धरलं. पारा चार मिलिमीटर चढला, पाच मिलिमीटर... मग उंदरानं एक मोठा उसासा टाकला आणि रेघ खाली येऊन पुन्हा सरळ चालायला लागली. उंदराच्या श्वासाची गडबड होती ती! आम्ही दोघं इतकं हसलो की शेजारच्या खोलीतून लोक बघायला आले. दोन माणसं एका सरळ रेघेपुढे पोट धरून हसतायत, त्यांना काय कळणार?

थिसिस गेला, तोंडी परीक्षा झाली आणि पुढच्या वर्षी मॅडम डॉक्टर झाल्या. मला कायम केल्याचा कागद त्याआधीच निघाला होता. तो करंबेळकर सरांनी स्वतः आणून दिला, पण त्याची गोष्ट नाही सांगत. गोष्ट त्या थिसिसच्या एका पानाची आहे.

एके दुपारी मॅडम बांधलेली प्रत घेऊन प्रयोगशाळेत आल्या. जाड, काळी, वर सोनेरी अक्षरं. त्यांनी एक पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. "मुद्दाम चुकवलेले सहा उंदीर या तक्त्यात आहेत," त्या म्हणाल्या. "सात नंबर त्यात नाही. तो मुद्दाम नव्हता."

"मग त्याला वगळलंत?"

"वगळीन कशी? खाली बघा, त्याची वेगळी ओळ आहे."

इंग्रजी ओळ. मला अक्षरं लागत होती, अर्थ नीट लागत नव्हता. "मराठीत सांगा की," मी म्हणालो.

मॅडमनी बोट ठेवून वाचलं. "उंदीर क्रमांक सात. तंत्रज्ञाच्या हातून नळी दीड मिलिमीटर बाहेर बसली. प्रयोग फसल्यावर, तपासणीच्या आधी, तंत्रज्ञानं ही चूक आपण होऊन सांगितली आणि टोकाची जागा काढून दिली. पुढचा सगळा भाग त्या सांगण्यातून निघाला आहे."

"पुन्हा एकदा वाचा," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा वाचलं. मी आणखी एकदा वाचायला लावलं. मग त्यांना म्हणालो, "मॅडम, रविवारी आमच्याकडे जेवायला या. आणि येताना हे पुस्तक घेऊन या. बायकोला मी अजून काहीच सांगितलेलं नाही."